वेगाचा आकडा आणि उत्तराची खात्री : जोडलेल्या माहितीच्या सार्वजनिक विचारणा-सेवांची तुलना

(सांख्यिकी, नियोजन व ग्रंथालय शाखांतील कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शासकीय कचेरीत काम करणाऱ्यांना माहिती मागणे आणि माहिती पुरविणे या दोन्ही गोष्टी नवीन नाहीत. एक-चौदाच्या उताऱ्यापासून ते वार्षिक सांख्यिकी गोषवाऱ्यापर्यंत आपला सारा कारभार नोंदींवरच उभा आहे. परंतु माहिती मागण्याची रीत आता बदलत चालली आहे. केंद्र शासनाने २०१२ साली माहितीची देवाणघेवाण व सुलभता यासंबंधीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि तेव्हापासून शासकीय तक्ते इंटरनेटवर खुले करण्यास चालना मिळाली. खुल्या केलेल्या तक्त्याची प्रत उतरवून घेणे ही झाली पहिली पायरी. तक्ता जेथे आहे तेथेच ठेवून त्याला दुरून प्रश्न विचारणे आणि नेमके हवे तेवढेच उत्तर मिळविणे, ही त्यापुढची पायरी. या दुसऱ्या पायरीवर जगात ज्या सार्वजनिक सेवा चालतात, त्यांच्या कार्यक्षमतेची तुलना कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय तांत्रिक असला तरी त्यामागचा प्रश्न तुमच्याआमच्या नेहमीच्या अनुभवातला आहे. दोन खिडक्यांपैकी एका खिडकीवर दोन मिनिटांत कागद हाती पडतो, पण त्याचे शेवटचे पान नसते. दुसऱ्या खिडकीवर दहा मिनिटे लागतात, पण कागद पूर्ण असतो. घड्याळ लावून तुलना करणारा पहिल्या खिडकीला उत्तम म्हणेल. तो कागद घेऊन न्यायालयात उभा राहणारा मात्र तसे म्हणणार नाही.

जोडलेली माहिती म्हणजे काय

प्रथम ‘लिंक्ड डेटा’, म्हणजे परस्परांशी जोडलेली माहिती, ही कल्पना थोडक्यात पाहू. एकाच स्थळाची अनेक नावे असतात, ही गोष्ट आपल्या भागात कोणाला सांगावयास नको. पणजीला पोर्तुगीज कागदपत्रांत ‘पांजी’ म्हटलेले आढळते, तर इंग्रजी लेखनात ‘पणजिम’ हे रूप रूढ झाले. बडोद्याचे अधिकृत नाव १९७४ साली वडोदरा झाले आणि बेळगावचे २०१४ साली बेळगावी झाले. नावावरून माहिती जुळवू गेले, तर एकाच शहराची जनगणना एका खात्यात, रुग्णालयांची यादी दुसऱ्यात आणि शाळांची यादी तिसऱ्यात अशी विखुरलेली राहते. यावर उपाय म्हणून प्रत्येक वस्तूला, स्थळाला, व्यक्तीला एक कायमचा ओळखक्रमांक अथवा इंटरनेटवरील पत्ता द्यावयाचा, आणि नावे ही त्या ओळखीला चिकटविलेली लेबले मानावयाची. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली एका टिपणात याचे चार साधे नियम सांगितले.

अशी माहिती तीन पदांच्या विधानांत मांडतात. ‘गोवा – राजधानी – पणजी’ हे एक विधान झाले. ‘पणजी – नदीकाठ – मांडवी’ हे दुसरे. दोन्हींत पणजीची ओळख एकच असल्यामुळे ही विधाने आपोआप सांधली जातात, आणि कोट्यवधी विधानांचे एक विस्तीर्ण जाळे तयार होते. या जाळ्याला प्रश्न विचारण्यासाठी ‘स्पार्कल’ नावाची भाषा आहे. वेबची मानके ठरविणाऱ्या संघटनेने तिला २००८ च्या जानेवारीत मान्यता दिली, आणि २०१३ च्या मार्चमध्ये तिची सुधारित आवृत्ती स्वीकारली. ज्या सर्व्हरवर या भाषेतील विचारणा कोणीही, कोठूनही आणि विनामूल्य पाठवू शकतो, ती झाली सार्वजनिक विचारणा-सेवा. विकिपीडियाच्या लेखांतून माहिती वेचून २००७ साली सुरू झालेला डीबीपीडिया, आणि २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटाची २०१५ पासून चालणारी सेवा, ही तिची दोन प्रसिद्ध उदाहरणे होत.

सार्वजनिकतेची किंमत

साधे संकेतस्थळ ठरलेली पाने दाखविते. विचारणा-सेवेत प्रश्न कोणता येईल हे चालविणाऱ्यास आधी ठाऊक नसते. एक जण एका शहराची लोकसंख्या विचारतो. ते काम क्षणाचे. दुसरा जगातील सर्व नद्या, त्यांच्या काठची शहरे आणि त्या शहरांत जन्मलेले लेखक यांची सांगड घालू पाहतो. दोन्ही विचारणा लिहावयास चार-सहा ओळीच लागतात, पण त्यांचा सर्व्हरवरील भार हजारो पटींनी वेगळा असू शकतो. चिलीतील संशोधक होर्हे पेरेझ, मार्सेलो अरेनास आणि क्लाउदिओ गुतिएरेझ यांनी २००६ साली गणिताने दाखवून दिले की, या भाषेची पूर्ण मुभा घेतल्यास काही विचारणा संगणकशास्त्रातील अतिकठीण मानलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडतात. म्हणजे कितीही मोठे यंत्र आणले, तरी त्याला दमविणारी विचारणा लिहिता येतेच.

म्हणून प्रत्येक सार्वजनिक सेवेला कोठेतरी मर्यादा घालावी लागते. विकिडेटाच्या सेवेने एका विचारणेला ६० सेकंदांची मर्यादा ठेवली, आणि एका पत्त्यावरून एका वेळी पाचच विचारणा स्वीकारण्याचा नियम केला. डीबीपीडियाने एका उत्तरात १०,०००च ओळी देण्याचे ठरविले. या मर्यादांत गैर काही नाही. सार्वजनिक नळावर एकानेच हंडे भरत बसू नये, यासाठी जसा नियम असतो तसाच हा आहे. परंतु तुलना करणाऱ्याने या मर्यादा आधी वाचल्या पाहिजेत, कारण वेगाचे बरेचसे आकडे त्यांच्या सावलीतच जन्म घेतात.

प्रयोगशाळेतील शर्यत

विचारणा-यंत्रांची तुलना दोन प्रकारे झालेली आहे. पहिला प्रकार प्रयोगशाळेतला. ठराविक माहिती, ठराविक प्रश्न आणि एकच संगणक घेऊन निरनिराळी यंत्रे त्यावर धावडवायची. अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या कसोटीत विद्यापीठाच्या कल्पित कारभाराची माहिती आणि १४ प्रश्न होते. बर्लिन येथे ख्रिस्तियान बिझर आणि आंद्रेयास शुल्ट्स यांनी २००९ साली मांडलेल्या कसोटीत कल्पित बाजारपेठ होती: वस्तू, विक्रेते आणि ग्राहकांचे अभिप्राय. तीत प्रश्नांचा एक ठरलेला संच एका तासात किती वेळा पूर्ण होतो, हे मोजले जाई.

या कसोट्यांनी यंत्रे सुधारली, हे निर्विवाद. पण त्यांची उणीवही लवकरच ध्यानात आली. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, कसोट्यांसाठी रचलेली माहिती एखाद्या छापील नमुन्यासारखी नीटनेटकी असते. प्रत्येक रकाना भरलेला, प्रत्येक वस्तूला तेच गुणधर्म. प्रत्यक्षातील जोडलेली माहिती तशी नसते. एका गावाची लोकसंख्या आहे तर पिनकोड नाही, दुसऱ्याचा पिनकोड आहे तर तालुका नाही. त्याच वर्षी लाइपझिग येथील संशोधकांनी डीबीपीडियाला लोकांनी खरोखर विचारलेल्या प्रश्नांच्या नोंदींतून एक कसोटी तयार केली. तीत असे आढळले की, यंत्रायंत्रांतील तफावत आधीच्या कसोट्यांनी भासविली होती त्याहून पुष्कळच अधिक आहे. एका प्रकारच्या प्रश्नात आघाडीवर असलेले यंत्र दुसऱ्या प्रकारात मागे पडते. ‘सर्वांत वेगवान कोणते’ या प्रश्नाला ‘कोणत्या कामासाठी’ हा प्रतिप्रश्न अटळ आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

उघड्या मैदानातील पाहणी

दुसरा प्रकार प्रत्यक्ष चालू असलेल्या सेवांच्या पाहणीचा. येथे संगणक सारखे नसतात, माहिती सारखी नसते, अंतर सारखे नसते. पण वापरणाऱ्याच्या वाट्याला येणारा अनुभव खरा असतो. कार्लोस बुइल-अरांदा, एडन होगन व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेली पाहणी या दृष्टीने मोलाची आहे. त्यांनी एका सार्वजनिक सूचीत नोंदलेल्या ४२७ सेवा तपासल्या. आपल्यापाशी काय आहे याचे वर्णन पुरविणाऱ्या सेवा जेमतेम एकतृतीयांश निघाल्या. भाषेतील सर्वमान्य सोयी, उदाहरणार्थ उत्तर क्रमवार लावून देणे, हेही सर्वत्र धड चालत नव्हते. एकाच सर्वसाधारण प्रश्नाला लागणाऱ्या वेळात सेवासेवांत हजारपट ते दहा हजारपट अंतर पडले.

परंतु या पाहणीतील सर्वांत बोलका आकडा वेगाचा नाही. २७ महिने सतत नोंद ठेवल्यानंतर असे दिसले की, महिन्यातील ९९ टक्के वेळ किंवा त्याहून अधिक काळ चालू राहतील असा भरवसा फक्त ३२.२ टक्के सेवांबाबतच देता येत होता. ९९ टक्के म्हणजे तरी काय? तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे सात तास बारा मिनिटे बंद राहण्याची सवलत. इतकी मोकळी सवलत देऊनही दोनतृतीयांश सेवा त्या कसोटीत बसल्या नाहीत. एखाद्या प्रकल्पाच्या अखेरीस मोठ्या उत्साहाने सेवा सुरू करावयाची, आणि निधी संपला की तिच्याकडे पाहणारे कोणी उरत नाही, असा हा प्रकार आहे. बंद दरवाज्यामागील कारकून किती चपळ आहे, याची चर्चा व्यर्थ होय.

तुलना करताना काय मोजावे

या सर्व अनुभवावरून तुलनेची काही पथ्ये सांगता येतात.

पहिले पथ्य : माहिती सारखी आहे ना, हे पाहावे. एका सेवेत दहा कोटी विधाने आणि दुसरीत दहा अब्ज असतील, तर पहिली लवकर उत्तर देते यात तिचे कर्तृत्व थोडे आणि तिच्या कपाटाचे लहानपण अधिक.

दुसरे पथ्य : पहिली विचारणा आणि पुन्हा केलेली विचारणा वेगळ्या मोजाव्यात. बहुतेक सेवा नुकतेच दिलेले उत्तर स्मरणात ठेवतात. तोच प्रश्न दहादा विचारून सरासरी काढणारा बहुधा यंत्राच्या शोधाऐवजी त्याच्या स्मरणाचा वेग मोजत असतो. शिवाय एखादीच विचारणा फार रेंगाळली तर सरासरी फसवी होते, हे सांख्यिकीतल्या मंडळींना मी सांगण्याची गरज नाही. मध्यक द्यावा, आणि सर्वांत मंद विचारणांचा आकडाही द्यावा.

तिसरे पथ्य : अपुऱ्या राहिलेल्या विचारणा हिशेबातून गाळू नयेत. कालमर्यादेत न बसलेल्या विचारणा ‘त्रुटी’ म्हणून वगळल्या, तर कठीण प्रश्नांना नकार देणारी सेवाच सर्वांत वेगवान ठरेल. परीक्षेत सोपे प्रश्न सोडवून लवकर उठणाऱ्यास आपण पहिला क्रमांक देत नाही.

चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे : उत्तर पूर्ण आहे काय? भारतात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सहा लाखांहून अधिक खेडी आहेत. समजा, ती सर्व एखाद्या सेवेत नोंदलेली आहेत आणि कोणी त्यांची यादी मागितली. ज्या सेवेत दहा हजार ओळींची मर्यादा आहे, ती दहा हजार नावे देऊन थांबेल. नावे खरीच असतील, तक्ताही सुबक दिसेल. ही मर्यादा ज्याला ठाऊक नाही, तो यादीतील ओळी मोजून अहवालात आकडा लिहील, आणि तो आकडा पुढे दुसऱ्या अहवालात जाईल. गोव्याची गावे मागणाऱ्यास हा अनुभव येणार नाही, कारण आपली यादी मर्यादेच्या आतच संपते. आणि म्हणूनच आपल्या लहान चाचणीत उत्तीर्ण झालेली सेवा मोठ्या कामातही तशीच वागेल, असे गृहीत धरता येत नाही. डीबीपीडिया ज्या व्हर्चुओसो यंत्रावर चालतो, त्यात वेळ संपताच तोवर जमलेले उत्तर देऊन टाकण्याचीही सोय आहे. उत्तर अपुरे असल्याची खूण सोबत येते, परंतु ती यंत्रांच्या आपसातील संदेशात असते. पडद्यावरील तक्ता पाहणाऱ्याच्या डोळ्यांस ती सहजी पडत नाही. तेव्हा यादी मागण्यापूर्वी ‘एकूण संख्या किती’ अशी स्वतंत्र विचारणा करावी आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. रोकडवही आणि खतावणी जुळविण्याची आपली जुनी शिस्त येथेही उपयोगी पडते.

पाचवे पथ्य : उत्तर किती ताजे आहे आणि सेवा किती महिने अखंड चालली आहे, याची नोंद ठेवावी. एका दुपारी केलेली चाचणी त्या एका दुपारची साक्ष असते, त्याहून अधिक नाही.

विकिडेटाचा धडा

वेग, पूर्णता आणि ताजेपणा यांची ओढाताण कशी होते, हे विकिडेटाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. तेथे जगभरचे लोक आणि त्यांचे स्वयंचलित कार्यक्रम रात्रंदिवस नोंदी बदलत असतात, आणि ते बदल लगोलग विचारणा-सेवेत उतरावेत अशी अपेक्षा असते. या सेवेसाठी ‘ब्लेझग्राफ’ हे मुक्त यंत्र निवडण्यात आले. पुढे त्या यंत्राचा विकास खुंटला, पण माहिती मात्र वाढतच गेली. नोंदलेल्या वस्तू दहा कोटींच्या पुढे गेल्या आणि विधाने काही अब्जांच्या घरांतून सोळा अब्जांच्या आसपास पोहोचली. विचारणा-सेवा मागे पडू लागली की स्वयंचलित संपादनांनी आपला वेग आवरावा, अशी व्यवस्था करावी लागली. म्हणजे वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी लिहिणाऱ्यांस थांबविणे आले.

विकिमीडिया फाउंडेशनने २०२२ साली पर्यायी यंत्रांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वेगाबरोबरच मुक्त परवाना, अब्जावधी विधाने पेलण्याची ताकद, बदल सामावून घेण्याची क्षमता, आणि रेंगाळलेली विचारणा आवरता येते की नाही, अशा अनेक निकषांवर यंत्रे पारखली होती. फ्रायबुर्ग विद्यापीठात हाना बास्ट यांच्या गटाने २०१७ साली मांडलेले ‘क्यूलेव्हर’ हे त्यांतील एक. प्रचंड माहितीवर ते अत्यंत जलद उत्तर देते. पण आरंभीच्या वर्षांत नवे बदल त्यात चालता चालता घालता येत नसत, संपूर्ण सूची पुन्हा बांधावी लागे. ती सोय नंतर आली. शर्यतीत पहिले येणारे यंत्र चालू कारभारात लगेच का बसविता येत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

अखेर २०२५ साली विकिडेटाच्या सेवेचे दोन भाग करण्यात आले: शास्त्रीय लेखांच्या नोंदी एकीकडे, उरलेली सर्व माहिती दुसरीकडे. त्यामुळे प्रत्येक कपाट हलके झाले. परंतु लेखक आणि त्याचे शोधनिबंध अशी सांगड घालणाऱ्यास आता दोन दारे ठोठवावी लागतात. २०२४ सालचा आकडा आणि २०२५ नंतरचा आकडा शेजारी ठेवून ‘सेवा वेगवान झाली’ असे म्हणणाऱ्याने या बदलाचाही उल्लेख करावयास हवा.

दुसरी वाट

सगळा भार सर्व्हरने उचललाच पाहिजे, असे नाही. बेल्जियममधील घेंट विद्यापीठात रुबेन व्हेरबोर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वेगळा मार्ग सुचविला. सर्व्हरने फक्त अगदी सोपे तुकडे पुरवावेत; ते जोडून उत्तर तयार करण्याचे काम विचारणाऱ्याच्या संगणकाने करावे. या रीतीत उत्तर उशिरा मिळते आणि तारेवरून माहितीही अधिक वाहते, पण सर्व्हर क्वचितच कोलमडतो आणि त्याचा खर्च थोडा असतो. निव्वळ वेगाच्या तक्त्यात ही सेवा खाली दिसेल. अल्प निधीत वर्षानुवर्षे चालू राहण्याच्या तक्त्यात ती वर असू शकते. ज्याला सबंध साठाच चाळावयाचा आहे, त्याने तर संपूर्ण प्रत उतरवून घेऊन आपल्या यंत्रावर काम करणे हेच सर्वांना हिताचे.

आपल्यासाठी बोध

मित्रहो, उद्या आपल्या खात्यांपैकी कोणी गावांची, शाळांची, आरोग्यकेंद्रांची अथवा ग्रंथांची माहिती अशा रीतीने खुली करावयाचे ठरविले, तर पुरवठादार आपल्यापुढे वेगाचे आकडे मांडतील. ते अवश्य पाहावेत; पण त्याबरोबर चार प्रश्न विचारावेत. उत्तर अपुरे असेल तेव्हा ते वापरणाऱ्यास स्पष्ट दिसेल अशा शब्दांत सांगितले जाते काय? मूळ नोंद बदलल्यानंतर किती वेळाने उत्तर बदलते? मर्यादा कोणत्या, आणि त्या दर्शनी भागी लिहिल्या आहेत काय? आणि अनुदानाची मुदत संपल्यावर ही सेवा कोण चालविणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर सेवा उघडण्यापेक्षा माहितीची पूर्ण प्रत नियमितपणे प्रसिद्ध करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

जे सहकारी परक्या सेवांवरून माहिती घेतात, त्यांनी घेतलेल्या आकड्याखाली सेवेचे नाव, विचारणेचा दिनांक आणि विचारणेचा मूळ मजकूर जोडावा. सहा महिन्यांनी कोणी आक्षेप घेतला, तर तीच विचारणा पुन्हा करून दाखविता येईल.

सार्वजनिक सेवा ही विश्वासावर चालते. उशीर झाला तर नागरिक थोडा वेळ थांबतो, ‘आज उत्तर नाही’ असे स्पष्ट सांगितले तर उद्या पुन्हा येतो. अर्धे उत्तर पूर्ण म्हणून हाती दिले, तर मात्र ते अर्धे होते हे त्याला नुकसान झाल्यावरच कळते. म्हणून तुलनेच्या तक्त्यात पहिला रकाना खात्रीचा असावा आणि दुसरा वेगाचा, एवढेच मला आग्रहाने सांगावयाचे आहे.